न गेलेल्यांची तिकिटं

आधीच सांगून टाकतो. मी थापा मारतो.

बोरटेकमध्ये कुणालाही विचारा. पॅसेंजरच्या डब्यात बिबट्या चढला आणि पुढच्या स्टेशनवर शहाण्यासारखा उतरला, ही गोष्ट माझीच. त्याच्याकडे तिकीट होतं का, असं कुणी विचारलं तर मी तिकिटाचा नंबरही सांगायचो.

पण आता जे सांगणार आहे, त्यात माझ्या पदरचं काही नाही.

असतं तर बरं झालं असतं.

तारीख एकवीस मार्च, दोन हजार पंचवीस. वार शुक्रवार. वेळ बारा चाळीस... रात्रीचे नव्हे, दुपारचे. डोक्यावर ऊन. शेजारच्या बागेत द्राक्षांची तोडणी चाललेली, ट्रॅक्टरवर गाणी लावलेली. अशा वेळी कुणी भुताला घाबरत नाही.

मी घाबरलो.

आमचं बोरटेक निफाडच्या अलीकडे, रुळाला लागून. गाडीतून जाताना आता तुम्हाला आमचं स्टेशन दिसायचं नाही. गवत वाढलेला एक लांब ओटा दिसेल, एक लिंबाचं झाड आणि झडप नसलेल्या खिडकीची एक खोली. पिवळी पाटी काढून नेली. ते बोरटेक हाल्ट.

हाल्टला स्टेशनमास्तर नसतो. गावातलाच एक जण मोठ्या स्टेशनवरून तिकिटांचे गठ्ठे आणतो आणि खिडकीत बसून विकतो. पंचवीस वर्षं ती खिडकी माझी होती. म्हणून गाव मला मास्तर म्हणायचं, आणि मीही हौसेने खाकी शर्ट शिवून घेतला होता. कानामागे कायम पेन्सिल.

नाशिकरोडला जाणारी एकच गाडी थांबायची. बाराचाळीसची पॅसेंजर.

मग घरोघरी मोटरसायकली आल्या. तिकिटं खपेनात. दोन हजार अठराच्या सुमारास कुणकुण लागली, की एवढ्या कमी माणसांसाठी गाडी थांबवणार नाहीत. हाल्ट बंद होणार.

ग्रामसभेत ठरलं, घरटी पाळी लावायची. ज्याची पाळी त्याने तिकिटं काढायची. जायचं असो वा नसो.

झालं. लोक येत, तिकीट काढत, गाडी गेली की घरी जात.

तेव्हाची ती पुठ्ठ्याची छोटी तिकिटं, नंबर छापलेली. मशीनमध्ये सरकवून तारीख मारली की झालं.

एके दिवशी लंकाबाईची पाळी आली.

लंकाबाई म्हणजे पुंजारामची बायको. पुंजाराम रेल्वेत गँगमन. आयुष्यभर रूळ ठोकले, पण गाडीत म्हणून कधी बसला नाही. मी बसलो तर रूळ कोण बघणार, म्हणायचा. आजारपणात गेला. लंकाबाई एकटी, ओट्याला लागूनच तिचं घर. रोज सकाळी ती ओटा झाडायची. कुणी सांगितलं नव्हतं.

खिडकीशी येऊन ती म्हणाली, "मास्तर, माझं नको. मला कुठं जायचंय? ह्यांचं एक धर. ह्यांचं बसायचं राह्यलं."

मी तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं... पुंजाराम.

आता मी पडलो खोडकर. मला ती गंमत आवडली. पुढच्या माणसाला विचारलं, "तुमच्या आबांचं धरू का?" तो हसला, धर म्हणाला. मग तशी रीतच पडली. पाळी ज्याची, त्याच्या घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव. कुणाचा बाप, कुणाची आजी, कुणाचा तरणा भाऊ.

मेलेल्याचं तिकीट घरी कोण नेणार? सगळे ते माझ्याकडेच ठेवून जात. मी ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचो. अशी दोनशेच्या आसपास झाली.

शेवटचा दिवस मला लख्ख आठवतो. मार्च दोन हजार वीस, एकवीस तारीख, शनिवार. त्या दिवशी सकाळीच माझं लताशी वाजलं होतं. लता म्हणजे माझी बायको. कारण काय तर मी तिच्या माहेरच्या लोकांपुढे बिबट्याची गोष्ट सांगितली होती. खिडकीत बसलो तरी डोकं तापलेलं. दिवसाच्या हिशेबात एक तिकीट कमी पडत होतं.

मी ते काढलं, तारीख मारली आणि पाठीवर लिहिलं... सौ. लता.

"जाऊ द्या हिला नाशिकरोडला," मी म्हणालो, "बोरटेकला जरा शांतता." खिडकीपुढचे सगळे हसले.

दुसऱ्या दिवसापासून गाड्या बंद झाल्या. पुढे सगळीकडच्या सुरू झाल्या, पण बोरटेकला गाडी परत थांबलीच नाही. उरलेली कोरी तिकिटं आणि तारखेचं मशीन मी जमा करून आलो.

डबा मात्र माझ्याकडे राहिला. माळ्यावर.

पाच वर्षं मी तो उघडला नाही.

यंदा बारा मार्चला रोहित आला. तो आमच्या शाळेत शिक्षक. गावाच्या इतिहासाची पुस्तिका काढतोय, म्हणाला, हरवलेल्या स्टेशनवर एक प्रकरण आहे, जुनं तिकीट असेल तर फोटो काढतो. मी डबा खाली आणला.

त्याने तिकिटं पाहिली आणि विचारलं, "मास्तर, ही चेक झालेली कशी? लोक तर गेलेच नव्हते ना?"

मी चष्मा लावला.

तिकिटाच्या काठाला खाच होती... अर्धचंद्रासारखी. टीसी चिमटा मारतो ना, तशी.

पुंजारामच्या तिकिटाला खाच. त्याच्या पुढच्याला खाच. नंबरवार लावत गेलो. सगळ्यांना खाच.

फक्त शेवटची नऊ कोरी होती.

मी रोहितला काहीतरी सांगून वाटेला लावलं. तसं सांगायला मला वेळ लागत नाही. पण मला पक्कं ठाऊक होतं, गाडीत बसून जाणाऱ्याचं तिकीट माझ्याकडे परत येत नाही. डब्यातलं एकही तिकीट गाडीत चढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डबा मांडीवर घेऊन बसलो. कसली वाट पाहतोय, माझं मलाच कळत नव्हतं.

बारा चाळीस झाले.

कट्...

इतका बारीक आवाज. डब्याच्या आतून.

उघडलं. आठ कोरी.

मी तसाच ओट्याकडे गेलो. लंकाबाई लिंबाखाली बसली होती. मला पाहून तिने पदराची गाठ सोडली. आत मूठभर कोंड्यासारखं काहीतरी होतं.

"मास्तर, ह्ये काय पडतंय रोज? झाडून झाडून दमले. पोळ्यापासनं एक दिस सुटला नाय."

मी चिमूटभर तळहातावर घेतलं.

तपकिरी पुठ्ठ्याचे तुकडे. एकेक अर्धचंद्र.

खाच पडायची माझ्या घरात, बंद डब्यात. आणि तुकडा पडायचा इथं, ओट्यावर.

मी तिला सगळं सांगितलं. गावात तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवणारं ते एकच माणूस. ती घाबरली नाही. उलट तिचा चेहरा फुलला.

"म्हंजी ह्यांनी गाडी धरली. बसले म्हणायचे एकदाचे." मग म्हणाली, "तवा माझं नको म्हणले मी. चुकलंच."

मी विचारलं नाही काय चुकलं. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. रोज एक. आठ उरली. शेवटचं एकवीस तारखेला.

शेवटचं लताचं.

त्याच संध्याकाळी होळी होती. लताचं तिकीट मुठीत धरून मी होळीपुढे उभा राहिलो. टाकलं की संपलं. हात वर केलाही...

आणि थांबलो. पंचवीस वर्षं खिडकीत काढलेला माणूस मी. तिकीट जाळलं म्हणून प्रवास टळतो का? तो प्रवासी विनातिकीट ठरतो फक्त. आणि विनातिकीट माणसाला टीसी शेवटापर्यंत जाऊ देत नाही. मधेच कुठेतरी उतरवतो.

त्या वाटेवर मधे कुठलं स्टेशन असेल, याचा विचार करवेना. तिकीट परत खिशात टाकलं.

अमोलला, म्हणजे मुलाला, सांगून पाहिलं. तो म्हणाला, "अण्णा, बिबट्याच्या तिकिटाला खाच पाडली होती का हो?"

रोज बारा चाळीस. रोज तो आवाज.

सात. सहा. पाच.

लताला मी अक्षर बोललो नाही. पण अठरा तारखेला पोळी लाटता लाटता ती थांबली आणि म्हणाली, "अहो, नाशिकरोडला जाऊन यावंसं वाटतंय."

जी बाई बाजारालाही कंटाळत जाते.

"काय काम काढलंस?"

"काम नाही. उगाच. बारा वाजून गेले ना, की पाय ओढतात."

वीस तारखेला तिने ठेवणीतली जांभळी साडी काढून वळणीवर टाकली. कुठे जायचंय, विचारलं. कुठे नाही म्हणाली. आणि साडीच्या निऱ्या सारख्या करत राहिली.

एकवीस तारखेला सकाळी नऊला मी तिला अमोलच्या मोटरसायकलवर बसवून पिंपळगावला धाडलं. तिथे आमची मुलगी तेजस्विनी असते. द्राक्षांच्या पॅकहाऊसच्या आवारातच त्यांची खोली आहे. पिंपळगावला रूळ नाहीत. कुठल्याच बाजूने नाहीत. हेच मी रात्रभर घोकलं होतं.

ती दहाच्या आत पोचल्याचा फोन आला.

मग मी खोडरबर घेतलं. सौ. लता पुसलं. त्या जागी, नीट आठवतंय, मी लिहिलं... खंडेराव.

हे माझं नाव. ज्याने मस्करी केली त्याने जावं.

खाकी शर्ट घातला. तिकीट खिशात, पेन्सिल कानामागे, मोबाइल हातात. बारा वाजता ओट्यावर जाऊन लिंबाखाली बसलो.

सव्वाबाराला लंकाबाई आली. धुवट पातळ, हातात कापडी पिशवी. शेजारी येऊन टेकली.

बागेतली गाणी थांबली होती. जेवायची सुट्टी झाली असेल.

पण लिंबावर एक पाखरू बोलत नव्हतं. दूर कुठेतरी चाललेली मोटरही बंद पडली. आपण बहिरे झालो की काय, म्हणून मी खाकरून पाहिलं.

बारा तेहतीसला फोन वाजला. तेजस्विनी.

"अण्णा, आई ऐकत नाहीये. पिशवी घेऊन गेटपाशी जाऊन उभी राहिलीये. गाडी येतेय म्हणते. कुठली गाडी हो?"

"धरून ठेव तिला. हात सोडू नको."

"धरलाय."

मी फोन कानाला तसाच ठेवला.

रुळातून बारीक झिणझिण येऊ लागली. आधी वाटलं कानातच. मग ओट्याच्या दगडातून ती मांड्यांना कळली. मी दोन्हीकडे पाहिलं. रूळ मोकळे. उन्हात चकाकणारे, रिकामे.

तरी ब्रेकचा तो तापलेला वास आला... पाच वर्षांत इथे न आलेला.

"अण्णा..." तेजस्विनीचा आवाज बदलला होता. "तिचा हात ओढला जातोय. कुणी नाहीये समोर. माझ्याच्याने धरवत नाही."

माझं नाव लिहूनही?

मी खिशातलं तिकीट काढलं. पुसलेल्या जागी लताचं नाव पुसटसं दिसत होतं, माझ्या अक्षरांच्या खालून.

तेव्हा लंकाबाई बोलली. हे मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतो.

"मास्तर, माझं नाव टाक."

"नाही," मी म्हणालो. "माझं आहे त्याच्यावर."

"तुझं कशाला? तुला अजून लय थापा मारायच्यात."

"नाही, लंकाबाई."

मी तिकीट खिशात घातलं आणि खिशावर हात दाबून धरला.

करकर करत चाकं थांबली. दिसलं काही नाही. पण ओट्याच्या काठाकाठाने लिंबाची वाळली पानं एका रेषेत उडाली, गाडी समोर उभी राहावी तशी. माझ्या तोंडावर गरम वारा आला. मग तोही थांबला.

मी उठायला गेलो. पाय उचलेनात.

कट्...

अगदी कानाशी.

मग काहीच नाही. आणि मग एकदम बागेतली गाणी सुरू झाली, पाखरं ओरडायला लागली.

फोनमधून तेजस्विनी रडत-हसत सांगत होती, "अण्णा, आई खाली बसली. बरी आहे. जेवायला काय केलंस विचारतेय."

मी डोळे मिटले. हे लंकाबाईला सांगावं म्हणून वळलो.

ती लिंबाला टेकून बसली होती. डोळे उघडे, रुळांकडे. चेहऱ्यावर दमून बसायला जागा मिळालेल्या माणसाचं समाधान.

मी हाक मारली. दुसरी हाक मारायची गरज पडली नाही.

तिच्या मांडीवर पुठ्ठ्याचा एक तुकडा पडला होता. अर्धचंद्र.

खिशातलं तिकीट काढलं. काठाला खाच होती. पालथं केलं.

पाठीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं... लंकाबाई.

अक्षर माझं.

डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, ऊन लागलं, हृदय थांबलं. गाव म्हणालं, सुटली. मीही तेच म्हणालो. तिला जायचंच होतं, तिने स्वतःहून मागितलं, हे मी दहाव्याला सगळ्यांना सांगितलं. या वेळी लोकांनी ऐकूनही घेतलं. पहिल्यांदाच कुणी बिबट्याचं नाव काढलं नाही.

मी माझी समजूत घातली. ओढाताणीत, भीतीच्या भरात, तिनेच तिकीट घेतलं असेल. तिनेच लिहिलं असेल. लंकाबाईला अक्षरओळख नव्हती, हे मला नंतर आठवलं.

पाडव्याला तेजस्विनी घरी आली. लता आत स्वयंपाकात होती. तेजस्विनी माझ्याजवळ बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "अण्णा, एक विचारू? तुम्ही सांगता, लंकाबाई म्हणाल्या माझं नाव टाक."

"म्हणाल्या."

"मी फोनवर होते. सबंध वेळ."

"मग?"

"मला त्यांचा आवाज आलाच नाही. तुमचाच आला. तुम्ही म्हणालात, 'लंकाबाई, तुम्ही जाता का?'"

मी तिला समजावलं. रुळाजवळ रेंज नसते, आवाज तुटतो, भलतंच ऐकू येतं.

"एकदा नाही अण्णा," ती म्हणाली. "तीनदा विचारलंत."

"मग त्या काय म्हणाल्या?"

तेजस्विनी उठून आईला मदत करायला आत गेली.

मी तिला विचारलं होतं का? मला आठवत नाही. आयुष्यभर न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या सांगितल्या. आता घडलेली कोणती, हे माझं मलाच सांगता येत नाही.

डबा मी लिंबाखाली पुरला. घरात पेन्सिल ठेवायची नाही, असं ठरवलं. लता सामानाची यादीही पेनाने लिहिते. का, ते तिने विचारलं नाही. ती ठणठणीत आहे. बारा वाजले की मला जेवायला हाक मारते आणि बारा चाळीसला मी ताटावर असतो.

परवा ताट वाढता वाढता ती थांबली. जवळ आली. माझ्या कानामागे बोट फिरवलं आणि उजेडात धरून पाहिलं.

बोटाला काळं लागलं होतं. शिशाचं.

"अहो," ती म्हणाली, "आता कुणाचं लिहिलंत?"